सीबमधली एक गुरुवार दुपार आणि हरवलेली कंट्रोल फाइल



आखातात आलेल्या मराठी माणसांत जसे तेलवाले, बांधकामवाले, बँकवाले असतात तसे आमच्यासारखे डीबीएही पुष्कळ. आपण नक्की काय करतो हे घरच्यांना सांगता सांगता नाकी नऊ येतात. माझ्या सासूबाईंनी "जावई कॉम्प्युटरच्या खात्यात आहेत" असं ठरवून टाकलंय आणि मीही त्यात कधी दुरुस्ती केली नाही. पण आज जरा खात्याबाहेरच्या मंडळींनाही कळेल असं लिहून बघतो, कारण विषय ओरॅकलचा असला तरी त्यात अडतीस माणसांच्या पगाराचा प्रश्न होता.

विषय आहे कंट्रोल फाइलचा, म्हणजे ती गेली तर बॅकअपमधून परत कशी आणायची आणि आणल्यावर घाई का करायची नाही.

आधी ही फाइल म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे जुन्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असायच्या. दिवसभरात जे घडेल ते आधी रोजकीर्दीत, मग सवडीने खतावणीत. ओरॅकलचंही तेच. प्रत्येक बदल आधी रीडो लॉगमध्ये लिहिला जातो, ती रोजकीर्द. डेटाफाइल ही खतावणी, तिच्यात नोंदी मागाहून चढतात. रीडो लॉगच्या तीन-चार फाइली आलटून पालटून वापरतात. एक भरली की तिची प्रत आर्काइव्ह म्हणून बाजूला ठेवली जाते आणि लिखाण पुढच्या फाइलीत सुरू होतं. आता ह्या सगळ्या वह्या कुठल्या फडताळात आहेत, कितवी रोजकीर्द चालू आहे, खतावणी कुठपर्यंत लिहून झाली आहे, हे दिवाणजी एका छोट्या चोपडीत टिपून ठेवतात असं समजा. ती चोपडी म्हणजे कंट्रोल फाइल. डेटाबेस शेकडो जीबीचा असला तरी ही काही एमबीचीच.

चोपडी लहान म्हणून तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. पण ओरॅकल सुरू होताना आधी पॅरामीटर फाइल वाचतं, मग कंट्रोल फाइल उघडतं, आणि तिच्यात लिहिलंय तिथे जाऊन डेटाफाइली उघडतं. म्हणजे चोपडी नसेल तर खतावणी समोर असूनही घोडं पहिल्या उंबऱ्यावरच अडतं. त्या अडण्याचं नाव ओआरए-००२०५. ज्यांनी पाहिलाय त्यांना तो नंबर झोपेतही आठवतो.

तर गोष्ट २००९ सालच्या ऑगस्टची. रमजान त्या वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुरू झाला, आणि ही त्याच्या आधीच्या आठवड्यातली. आमच्या ग्रुपची एक कंपनी सीबमध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंची वितरक होती. गोदाम मोठं, व्हॅन अडतीस. रोज सकाळी व्हॅन माल भरून अल खूद, मबेला, बरका, पार सोहारपर्यंत जायच्या आणि छोट्या छोट्या ग्रोसरीत माल टाकून रोख पैसे घेऊन यायच्या. रमजानच्या आधीचा आठवडा म्हणजे ह्या धंद्याची दिवाळीच. सेल्समन बहुतेक केरळचे, चार-पाच आपल्याकडचे, त्यातले दोघे रत्नागिरीचे.

ह्यातली मेख नीट समजून घ्या. सेल्समनकडे हातात धरायचं एक मशीन असे. दुकानदाराला त्यातून थर्मल कागदाची पावती मिळायची. परत आल्यावर मशीन क्रेडलमध्ये ठेवलं की दिवसभराची बिलं डेटाबेसमध्ये उतरायची आणि मशीन रिकामं व्हायचं. कॅशियर पैसे मोजून घ्यायचा, त्याची नोंदही त्याच डेटाबेसमध्ये. म्हणजे एकदा मशीन रिकामं झालं की त्या दिवसाचा हिशेब दोनच ठिकाणी उरायचा: एक डेटाबेस, आणि दुसरं, शेकडो ग्रोसऱ्यांच्या गल्ल्यात पडलेल्या पावत्या. आणि सकाळी जितका माल उचलला त्याचा मेळ बसला नाही, तर शॉर्टेज सेल्समनच्या पगारातून कापायचं, असा कंपनीचा शिरस्ता होता. तो बरोबर की चूक हा वाद इथे नको. माझं मत विचाराल तर चूक.

तेव्हा ओमानात सुट्टी गुरुवार-शुक्रवार. शुक्रवार-शनिवार झाली ती १ मे २०१३ पासून. पण असल्या कंपन्यांना गुरुवारी सुट्टी कुठली! त्या दिवशी मशीनं दीडच्या सुमारास रिकामी झाली, आणि तीनच्या आसपास सर्व्हर रूमचा एसी बंद पडला. ऑगस्टमध्ये सीबला बाहेरची हवा कशी असते ते इथल्यांना सांगायला नको. एसी लक्षात येईपर्यंत सर्व्हरमधली एक डिस्क गेली होती. त्या डिस्कवर डेटा नव्हता. डेटाफाइली आणि रीडो लॉग बाहेरच्या कॅबिनेटमध्ये सुखरूप होते. गेलेल्या डिस्कवर होत्या कंट्रोल फाइलच्या दोन प्रती, दोन वेगवेगळ्या फोल्डरमध्ये.

दोन प्रती होत्या हे ऐकून बरं वाटतं ना? ओरॅकल अशा आठपर्यंत प्रती ठेवू देतं, आणि सगळ्या एकदम लिहितं. पण दोन फोल्डर म्हणजे दोन डिस्क नव्हेत. एकाच खोलीत दोन किल्ल्या ठेवून खोलीला कुलूप लावावं तसा प्रकार. ज्या कंपनीने हे सॉफ्टवेअर बसवून दिलं होतं तिच्या माणसांनी स्थापनेच्या वेळी जे केलं तेच पाच वर्षं चालू होतं. दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असती तर ती नुसती कॉपी करून वीस मिनिटांत काम झालं असतं, आणि मला हे लिहायला विषय मिळाला नसता.

मला फोन आला साडेतीनला. मी ग्रुपच्या दुसऱ्या कंपनीत, रुसैलच्या बाजूला होतो. पोचलो तेव्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा सपोर्टचा मुलगा आधीच बसला होता. मुलगा हुशार, पण घाबरलेला. त्याच्या साहेबांनी फोनवर त्याला सरळ उपाय सांगितला होता: काल रात्रीचा सगळा बॅकअप परत आणा, असतील तेवढे आर्काइव्ह लावा, रीसेटलॉग्ज करून डेटाबेस उघडा.

हा उपाय ऐकायला पुस्तकी आहे, चालतोही. फक्त एक गोष्ट त्यात बसत नाही: तो गुरुवार. त्या डेटाबेसचे रीडो लॉग पाचपाचशे एमबीचे होते. कंपनीच्या मानाने मोठे, त्यामुळे एक भरायला जवळजवळ दिवस लागायचा. म्हणजे गुरुवारची सगळी बिलं, सगळी वसुली चालू रीडो लॉगमध्ये होती, आर्काइव्ह झालेली नव्हती. आणि रीसेटलॉग्ज म्हटलं की ओरॅकल ऑनलाइन रीडो लॉग नव्याने सुरू करतं. जुनं लिखाण त्यावर उरत नाही. कोरी वही!

मी त्याला एवढंच म्हणालो, "अरे, आधी रीडो लॉगच्या तिन्ही फाइली दुसरीकडे कॉपी कर. डेटाफाइलींना हातसुद्धा लावू नकोस. बाकीचं मग बोलू." त्याने केलं. ह्या कॉपीला दहा मिनिटं लागली. माझ्या मते त्या दिवसातली सगळ्यात मोलाची हीच दहा मिनिटं.

आता कंट्रोल फाइलचा बॅकअप. जून २००७ मध्ये गोनू वादळ मस्कतवर आलं तेव्हाचे दिवस ज्यांनी काढलेत त्यांना आठवत असेल. सीबचा विमानतळ बंद (तेव्हा नावही सीब इंटरनॅशनल, मस्कत इंटरनॅशनल झालं २००८ मध्ये), रस्ते वाहून गेलेले, कुरमच्या बाजारात पाणी, घराघरांत पिण्याच्या पाण्याची मारामार. ओमानात पन्नासच्या आसपास माणसं गेली त्यात. त्यानंतर इथल्या पुष्कळ ऑफिसांत बॅकअपचं महत्त्व साहेबलोकांना न सांगता पटलं. ह्या कंपनीतही त्यानंतरच कोणीतरी आरमॅनचा रोजचा बॅकअप लावला होता, दुसऱ्या इमारतीतल्या मशीनवर. आणि त्या अज्ञात सद्गृहस्थाने कंट्रोल फाइल ऑटोबॅकअप चालू करून ठेवला होता. तेव्हाच्या १०जी आवृत्तीत तो आपणहून चालू नसायचा, मुद्दाम करावा लागायचा. १२.२ पासून तो मुळातच चालू असतो. पण जुन्या आवृत्त्या अजून कुठे कुठे धूळ खात चालू आहेत हे आपल्याला माहीतच आहे.

परत आणायच्या वेळी पहिली अडचण अशी की आरमॅनची सगळी माहिती, बॅकअप कुठे जातो, काय नावाने जातो, हीसुद्धा कंट्रोल फाइलमध्येच लिहिलेली असते. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. रिकव्हरी कॅटलॉग नावाची वेगळी नोंदवही ठेवली असेल तर हा प्रश्न येत नाही. इथे ती नव्हती. मग आरमॅनला दोन गोष्टी आपण तोंडी सांगायच्या: बॅकअपची जागा, आणि डेटाबेसचा डीबीआयडी. डीबीआयडी म्हणजे डेटाबेस जन्मतो तेव्हा त्याला मिळणारा लांबलचक आकडा. तो ओरॅकललाच विचारायचा असतो, आणि ओरॅकल तर बंद!

सपोर्टचा मुलगा इथेच अडला होता. पण उत्तर समोर पडलेलं होतं. ऑटोबॅकअपच्या फाइलीचं नाव ठरावीक असतं: आधी इंग्रजी सी, मग डीबीआयडी, मग तारीख, मग त्या दिवसाचा कितवा ते दोन अंकी. बॅकअपचं फोल्डर उघडलं की आकडा नावातच. पुण्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याला मी खात्रीसाठी फोन लावला. तिथे साडेसहा वाजून गेले होते. ते म्हणाले, "अहो, नावातच असतो तो, मधला आकडा घ्या. आणि पॅरामीटर फाइलीत कंट्रोल फाइलची जागा बदललीत का? नाहीतर ती मेलेल्या डिस्कवरच लिहायला जाईल." जागा बदललेली होती. पण असा फोनवरचा दुसरा माणूस पाहिजेच. एकट्याने रिकव्हरी करू नये असं माझं पक्कं मत आहे.

मग क्रम असा: इन्स्टन्स नोमाउंट अवस्थेत सुरू केला. आरमॅनला डीबीआयडी दिला, ऑटोबॅकअपची जागा दिली आणि कंट्रोल फाइल ऑटोबॅकअपमधून रिस्टोअर करायला सांगितलं. ते आजपासून मागे एकेक दिवस शोधत जातं, आपण काही सांगितलं नाही तर सात दिवसांपर्यंत. आमची आदल्या रात्रीचीच होती, लगेच सापडली. ह्या वेळी तिच्या प्रती दोन वेगळ्या डिस्कवर उतरवल्या. डेटाबेस माउंट झाला. मुलाने टाळीसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, थांब.

कारण खरी गंमत इथून पुढे. आता चोपडी होती काल रात्रीची आणि खतावणी आज दुपारी तीनची. चोपडीच्या मते बुधवार रात्रीनंतर काही घडलेलंच नाही. उघडायला गेलात तर ओरॅकल सरळ उघडू देत नाही, रीसेटलॉग्ज म्हणा म्हणतं, आणि त्याआधी रिकव्हरी करा म्हणतं. एकही डेटाफाइल आपण बदललेली नसली तरी. आमच्या पेशातल्या पुष्कळांना हे पटत नाही. "डेटाफाइली तर धडधाकट आहेत, मग रिकव्हरी कसली?" अहो, चोपडी जुनी आहे ना!

रिकव्हरी मी आरमॅनने न करता एसक्यूएल-प्लसमधून, बॅकअप कंट्रोल फाइल वापरून, अशी सुरू केली. आरमॅननेही जमलं असतं, पण मला प्रत्येक पायरी डोळ्यांनी बघायची होती. ओरॅकलने एक आर्काइव्ह मागितला. तो होता, दिला. मग पुढच्या क्रमांकाचा मागितला. तो नव्हता. फाइल सापडत नाही असा एरर आला आणि सपोर्टचा मुलगा म्हणाला, "सर, आता कॅन्सल. आर्काइव्ह संपले."

इथेच माणसं घसरतात. ओरॅकल ज्या क्रमांकाची फाइल मागत असतं ती नसते, कारण तिची आर्काइव्ह प्रत अजून झालेलीच नसते. ते लिखाण ऑनलाइन रीडो लॉगमध्ये जिवंत असतं. पण जुन्या चोपडीला हे ठाऊक नाही, ती बिचारी आर्काइव्हचंच नाव सुचवत राहते. कॅन्सल केलं असतं तर डेटाफाइली अर्धवट आहेत म्हणून ओरॅकलने उघडायला नकार दिला असता. मग बॅकअपमधल्या डेटाफाइली आणा, कॅन्सल करा, रीसेटलॉग्ज करा. डेटाबेस छान उघडतो आणि दिवस जातो. कोणाला वाटतही नाही की काही चुकलं. "जेवढं मिळालं तेवढं मिळालं" म्हणून अहवाल लिहिला जातो.

करायचं असं की सुचवलेलं नाव न घेता रीडो लॉगचा पूर्ण पाथ आपण टाइप करायचा. तीनपैकी चालू कोणता हे जुन्या चोपडीवरून नक्की कळत नाही, तेव्हा एकेक देऊन बघायचा. चुकीचा दिला तर ओआरए-००३१०: ह्यात अमुक क्रमांक आहे, मला तमुक हवा. ह्याने बिघडत काही नाही, पुन्हा रिकव्हरी सुरू करायची आणि दुसरा द्यायचा. आमचा पहिला चुकला. दुसरा दिल्यावर कर्सर काही मिनिटं नुसता लुकलुकत राहिला. दारात व्हॅनचा सुपरवायझर उभा होता, त्याला काही कळत नव्हतं, पण तोही श्वास रोखून. मग लॉग लागला आणि मीडिया रिकव्हरी पूर्ण झाल्याची ओळ आली.

त्यानंतर रीसेटलॉग्ज करून डेटाबेस उघडला. आधी बिलांच्या टेबलाची गुरुवारची मोजणी केली. अडतीस व्हॅन, अडतीसांचीही बिलं. कॅशियरने आपल्या कागदी स्लिपांशी वसुलीची बेरीज ताडून पाहिली. चौदा हजार रियालच्या वर रक्कम, बैसाचाही फरक नाही. सुपरवायझर मल्याळममध्ये फोनवर कोणाशी तरी मोठ्याने बोलायला लागला तेव्हा घड्याळात पावणेनऊ झाले होते.

उघडल्यावरची दोन कामं लोक विसरतात. एक, लगेच पूर्ण बॅकअप. १०जीच्या आधी रीसेटलॉग्जनंतर जुने बॅकअप जवळजवळ निरुपयोगी व्हायचे. १०जीपासून त्या रेषेपलीकडेही रिकव्हरी करता येते, तरी नवा बॅकअप घ्यावाच. दुसरं, टेम्पफाइली जागेवर आहेत का ते पाहणं. नाहीतर शनिवारी सकाळी कोणीतरी मोठा रिपोर्ट काढतो आणि आरडाओरडा सुरू होतो.

आणखी एक वाट होती तीही सांगून ठेवतो. कंट्रोल फाइलची ट्रेस स्क्रिप्ट, म्हणजे ती नव्याने बनवायचा साध्या अक्षरांतला मजकूर, आधीच काढून ठेवलेली असेल आणि सगळे ऑनलाइन रीडो लॉग शाबूत असतील, तर नोरीसेटलॉग्ज प्रकाराने फाइल नवी बनवता येते आणि रीसेटलॉग्ज टळतं. स्क्रिप्ट ठेवलेली नसली तरी जुनी कंट्रोल फाइल रिस्टोअर करून माउंट केल्यावर तिच्यावरूनही ती काढता येते. फक्त मधल्या काळात नवी डेटाफाइल जोडली असेल तर स्क्रिप्टीत ती हाताने घालावी लागते. जाणकारांपैकी काही जण म्हणतील हीच वाट चांगली. असेल. त्या दिवशी मला नवीन वाट तुडवायची नव्हती.

हे सगळं छोट्या कंपन्यांतच होतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत ३०० जीबीच्या आसपास गेलं होतं. मग बॅकअप बघायला गेले तर पाचातला एकही मार्ग धड चालू नव्हता. रोजचा डंप घेणारा प्रोग्रॅम पोस्टग्रेस ९.२ चा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो रोज मुकाट अपयशी होत होता. त्याच्या तक्रारीच्या इमेल निघायच्या, पण समोरचा सर्व्हर त्या नाकारायचा. शेवटी कोणीतरी सहा तास आधी सहज हाताने घेतलेला स्नॅपशॉट कामी आला, तरी सहा तासांचं काम गेलंच. ह्या लोकांनी सगळं जाहीर लिहून टाकलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडे असलं झाकायची पद्धत. जाता जाता, पोस्टग्रेसमध्येही पीजी-कंट्रोल नावाची अशीच एक फाइल असते, अवघी आठ केबीची.

सीबच्या त्या कंपनीत नंतर कंट्रोल फाइलच्या तीन प्रती तीन डिस्कवर गेल्या, रीडो लॉग लहान केले आणि दर अर्ध्या तासाला लॉग बदलेल असं सेटिंग केलं. डीबीआयडी सर्व्हर रूमच्या दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवला. त्याखाली सुपरवायझरने एसीवाल्याचा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला.